बाबांची होडी आणि दादाचं डावं

ती. ताईस,

धाकट्याचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकूनच करणार होतो, पण कंबर सध्या माझ्या आज्ञेत नाही, का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? दाजींची तब्येत ठणठणीत असणारच. त्यांना कधी काही होत नाही, त्यांच्यामुळे इतरांना होतं. (पत्र त्यांना वाचून दाखवशील तेव्हा ही ओळ गाळ, कारण मला त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आहे.) इकडे दोन्ही घरची माणसं सुखरूप आहेत. भिंतींबद्दल खाली लिहितो.

तर आधी कामाचं. दाजींना ताबडतोब इकडे पाठव. कारखान्यांतली अवजड यंत्रं इकडची उचलून तिकडे ठेवायला ते जे सामान वापरतात ना, ती जाड साखळी, कप्पी, पहारी, ते सगळं घेऊन पाठव. बाबांची होडी आमच्या दोन घरांच्या मधल्या बोळात अडकली आहे. (दादा त्याला ड्राइव्हवे म्हणतो. म्हणू दे बापडा. दोन्हीकडून भिंती आणि मध्ये एक गाडी अंग चोरून जाईल एवढी वाट, तिला मी तरी बोळच म्हणणार.) होडी आता पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही. होडीच्या पुढे माझी गाडी आहे, तिलाच ट्रेलर जोडलेला आहे. होडीच्या मागे दादाची गाडी आहे, ती आत कोंडली गेली आहे. मी दुकानात बसने जातो. दादाला कुठे जावं लागत नाही, त्याचा दवाखाना घरातच. पण त्याची गाडी तो रोज सकाळी जाऊन चालू करून बंद करतो आणि माझ्या खिडकीकडे बघून सुस्कारा टाकतो.

आता हे झालं कसं, तर त्याची सुरुवात तुझ्या पत्रापासून होते, म्हणजे खोलात गेलं तर यात थोडा दोष तुझाही निघेल. तू लिहिलंस, तळ्याकाठची शेड पाडायची ठरली आहे, होडी हलवावी लागेल. तुम्हा दोघा भावांना मिळून ती घरी आणणं होत नसेल तर तसं कळवा, एक हॉटेलवाला न्यायला तयार आहे, तो तिच्यात बर्फ पसरून सॅलड मांडणार आहे. मला आलेलं ते पत्र मी दोनदा वाचलं. शब्द न् शब्द तसंच पत्र दादालाही गेलं होतं, हे या दोघी जावांनी भिंतीवरून पत्रं ताडून बघितली तेव्हा कळलं. ‘तुम्ही एकमेकांशी बोलत नाही म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिते, माझी बोटं दुखतात,’ हे शेवटचं वाक्यसुद्धा दोन्ही पत्रांत होतं. बाबांच्या होडीत काकडीचे काप मांडलेले मला बघवणार नाहीत. दादालाही बघवणार नाहीत, असं वहिनीने हिला सांगितलं आणि हिने मला सांगितलं.

आम्ही का बोलत नाही, याच्या दोन्ही बाजू तुला पाठ आहेत. तरी माझी पुन्हा एकदा ऐक, कारण ती खरी आहे. दादा दातांचा डॉक्टर, मी चष्म्याचा दुकानदार. आईने एकाला दात वाटून दिले, एकाला डोळे; भांडणाचं कारणच ठेवलं नव्हतं. पण एक दिवस दादा नवा चष्मा घालून समोर आला, आणि तो चष्मा माझ्या दुकानातला नव्हता. बाजारातल्या त्या काचेच्या चकचकीत दुकानातून त्याने तो घेतला होता. सख्खा भाऊ! माझ्या दुकानात पाय न ठेवण्याचं ज्याला काही कारण नव्हतं! त्यानंतर माझी दाढ दुखायला लागल्यावर मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, तर त्यात माझं काय चुकलं? दादा म्हणतो, आधी दाढ झाली, चष्मा नंतर. त्याचं म्हणणं, मी त्याच्या घरी एका विनोदावर मोठ्याने हसलो तेव्हा त्याला माझ्या तोंडात परक्या माणसाचं काम दिसलं. (विनोद त्याचाच होता. मी हसलो नसतो तर आज हे सगळं टळलं असतं.) त्या दिवसापासून आमची बोलाचाली बंद. ‘त्याला सांग’ आणि ‘त्याला म्हणावं’ यांवर दोन संसार चालले आहेत. इतकी वर्षं दोघी बायकांनी टपाल खात्यासारखं काम केलं, आणि बिनपगारी.

तर होडी आणायचं ठरलं. तुझ्या लक्षात आहे ना, ती किती जड आहे? बाबांना कोणी विकली कुणास ठाऊक. त्या माणसाने ती तळ्यासाठी बनवलेली नव्हती, समुद्रात मोठ्या जहाजाला धडकायला बनवली असावी. सगळी जाड लाकडाची, काठाला लोखंडाची पट्टी, आणि वर बाबांनी दरवर्षी चढवलेले रंगाचे थर. ती ज्या ट्रेलरवर आहे तो ट्रेलर तिच्याहून जड. माझ्या गाडीला मागे हूक आहे म्हणून ओढायचं काम माझ्याकडे आलं. तळ्यापासून घरापर्यंत मी ती अशी आणली म्हणतेस, की रस्त्यातले लोक थांबून बघत होते. पुढे जाताना ट्रेलर अगदी गुणी असतो, मान खाली घालून मागून येतो. दादा आधीच घरी पोचला होता आणि गाडी बोळाच्या आत मागच्या अंगणात लावून हाताची घडी घालून उभा होता. मला आता फक्त होडी उलटी घेत घेत त्याच बोळातून अंगणात न्यायची होती. फक्त!

ताई, तू कधी ट्रेलर मागे घेतला नाहीस, घेऊही नकोस. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. उजवीकडे फिरवलं की डावीकडे. समजुतीने घ्यावं म्हणून सरळ धरलं तर तो स्वतःच्या मनाने वाकडा होतो, आणि एकदा वाकडा झाला की जितकं समजवावं तितका जास्त वाकडा. (आपल्या घरातल्या कोणाची आठवण झाली तर मला सांगू नकोस, माझंच नाव घेशील.) शिवाय आयुष्यभर लोकांना नीट दिसावं म्हणून मी झटलो, आणि त्या दिवशी माझ्या तिन्ही आरशांत मला फक्त होडीचं नाक दिसत होतं. मागे काय चाललं आहे ते कळायला कोणीतरी मागे उभं राहून सांगणं भाग होतं. मागे दादा उभा होता. तो सांगत होता. पण मला नाही.

व्यवस्था अशी झाली: दादा बोळाच्या त्या टोकाला, वहिनी मध्ये त्यांच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर, ही माझ्या गाडीच्या खिडकीपाशी, आणि आत मी. दादाने वहिनीला सांगायचं, वहिनीने हिला, हिने मला. मला काही विचारायचं असेल तर तेच उलट्या वाटेने. आता वहिनीचा स्वभाव तुला माहीत आहे. अंगणात शिरलेल्या मांजराला हाकलायचं तरी ती आधी त्याची माफी मागते. दादा तिकडून ओरडायचा, “त्या आंधळ्याला सांग, भिंत समोर आहे!” तर वहिनी हिला म्हणायची, “अगं, हे म्हणतायत, भिंत तशी जवळच आहे, पण भाऊजींना सावकाश होऊ दे.” आणि ही मला म्हणायची, “वहिनी म्हणतायत सावकाश. माझं विचाराल तर आत्ताच थांबा आणि उतरा, माणूस बोलवू.” एवढं सगळं माझ्या कानापर्यंत येईतो भिंत आलेली असायची. वहिनीच्या कुंड्या अशाच गेल्या. माझ्या दारावरची पत्रांची पेटी गेली. (तुझं पुढचं पत्र खिडकीतून आत टाकायला पोस्टमनला सांगितलं आहे.) हिचा कपडे वाळत घालायचा दांडाही गेला, त्यावर माझे दोन शर्ट होते, ते होडीच्या टोकाला अडकून शेवटपर्यंत फडकत राहिले.

पण याहून मोठा घोळ पुढेच आहे, आणि तो सबंध जगात फक्त आपल्याच घरात होऊ शकतो. दादाचं डावं! लहानपणापासून असं नव्हतं, दवाखाना थाटल्यापासून झालं. दातांच्या डॉक्टरांचं डावं म्हणजे पेशंटचं डावं. समोर तोंड उघडून बसलेल्या माणसाची डावी दाढ म्हणजे डॉक्टरच्या उजव्या हाताची. सगळं आयुष्य समोरच्याच्या डाव्या-उजव्यात गेल्यामुळे दादा आता रस्ता सांगतानासुद्धा तसंच सांगतो. त्याने पत्ता सांगितलेला माणूस पोचतो ते थेट गावाबाहेर. त्या दिवशी त्याच्यासमोर होडीचं मागचं तोंड होतं, म्हणजे होडी त्याची पेशंट झाली, आणि तो तिचं डावं सांगत होता. हे मला ठाऊक होतं. भाऊ आहे तो माझा. बोलत नसलो तरी त्याचं डावं मला कळतं. म्हणून तो निरोप ‘डावीकडे’ असा आला की मी मनात उलटा करून घ्यायचो. अडचण अशी, की वहिनीही त्याच्याबरोबर इतकी वर्षं नांदली आहे. ती बिचारी कोणाला न सांगता तिच्या पायरीवरच तो उलटा करून पुढे धाडत होती. म्हणजे तिने एकदा दुरुस्त केलेलं मी पुन्हा दुरुस्त करत होतो. दोन दुरुस्त्या झाल्या की मूळची चूक जशीच्या तशी हाती येते. दादाला वाटलं, मी मुद्दाम त्याच्या उलट वागतोय. मला वाटलं, तो मुद्दाम मला खड्ड्यात घालतोय. वहिनीला वाटलं, सगळं छान चाललं आहे.

तोवर रस्त्यावर बघ्यांची गर्दी जमली होती. एक जण ‘मी सांगतो, मी सांगतो’ म्हणत पुढे आला, तर दादा आणि मी एकाच वेळी त्याच्यावर खेकसलो, की हा आमच्या घरचा मामला आहे. आम्ही दोघं एकाच वेळी एकच वाक्य बोललो, त्याला काय म्हणायचं, यावर या दोघींची नंतर चर्चा झाली.

आणि मग ती वेळ आली. दादाच्या भिंतीला लागून पाण्याचा नाला जातो ना, ज्यावर फरश्या टाकल्या आहेत? ट्रेलरचं चाक त्या फरशीकडे निघालं होतं. दादाला दिसत होतं, मला नाही. नेमकं त्याच क्षणी हिला आठवलं, गॅसवर दूध ठेवलंय, आणि ही आत पळाली. टपाल तुटलं. दादा ओरडला, “थांबव म्हणावं त्याला!” वहिनीने वळून बघितलं तर खिडकीपाशी कोणी नाही. ती माझ्याकडे बघून हात हलवत काहीतरी पुटपुटली, मला वाटलं माझं कौतुक करते आहे, मीही हात हलवला. आणि तेव्हा दादा, इतक्या वर्षांनंतर, थेट मला, बोळ दणाणेल अशा आवाजात ओरडला, “अरे थांब, गधड्या!”

ताई, खरं सांगतो, मला ‘थांब’ ऐकूच आलं नाही. मला ‘गधड्या’ ऐकू आलं. मला या जगात त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस आहे, आणि त्याने मारली. माझी दातखिळी बसली, डोळ्यांपुढे धुकं आलं, आणि पाय ब्रेकवर जायचा तो दुसरीकडेच पडला. पुढचं सगळं एकदमच झालं. फरशी मोडल्याचा आवाज आला, चाक नाल्यात गेलं, होडी एका अंगावर कलली आणि दादाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत हनुवटी टेकून स्थिर झाली. आत ओट्यावर चहाचं सामान मांडलेलं होतं. वहिनी सांगते, होडीचं टोक साखरेच्या डब्याच्या इतकं जवळ आलं की तिला वाटलं, ती आता चहा मागणार.

मी दार ढकलून उतरलो. (कंबर तेव्हा गेली. घाईत मागे वळून होडीच्या काठावर आपटलो.) दादा पलीकडून आला. मध्ये होडी, इकडे मी, तिकडे तो. हीसुद्धा दूध उतरवून बाहेर आली होती. मी विचारलं, “डावीकडे म्हणजे कुणाचं डावं?” तो म्हणाला, “डावं म्हणजे डावं!” मी म्हणालो, “तुझं की होडीचं?” आणि मग जे भांडण जुंपलं, ताई, तू हवी होतीस! सगळं निघालं. दाढ निघाली, चष्मा निघाला, लहानपणी त्याने माझा भोवरा तळ्यात टाकला होता तो निघाला, बाबांचा लाडका कोण तेही निघालं. मी त्याच्या तोंडावर बोलत होतो आणि तो मला उत्तर देत होता. ज्याच्या तोंडात कापूस आहे अशाच माणसाशी बोलायची त्याला सवय, त्यामुळे मी मध्ये बोललो की तो दचकायचा. घसा बसेपर्यंत भांडलो. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. शेवटी वहिनीने त्याच खिडकीतून, होडीवरून, दोघांना चहा दिला. चहा प्यायला होडीत बसण्यावाचून दुसरी जागाच नव्हती.

तेव्हापासून होडी तिथेच आहे. ओढायला जावं तर खिडकीची चौकट उचकटून येईल, आणि मागे ढकलावं तर चाक नाल्याच्या काठाला अडतं. बोळ पूर्ण बंद झाल्यामुळे मागच्या अंगणात किंवा दादाच्या दवाखान्यात जायचं म्हणजे होडीत एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. दूधवाला असाच येतो. गाल सुजलेले पेशंट असेच येतात. एक आजी तर चढल्या आणि फळीवर बसून राहिल्या, म्हणाल्या, इथेच बरं वाटतंय, दाढ थांबली आहे. दादाने त्यांना तिथेच तपासलं.

आणि आम्ही दोघं रोज संध्याकाळी, ती कशी काढायची यावर विचार करायला होडीत बसतो. दादा मधल्या फळीवर, वल्ह्यांपाशी. मी टोकाला, खाली, पाणी उपसायच्या जागी. कोणी सांगितलं नाही, आपोआप तसे बसलो. बाबांचा तो पत्र्याचा डबा अजून फळीखाली आहे, ज्याने मी पाणी उपसायचो आणि दादा ‘हात चालव, गधड्या’ म्हणायचा. परवा विचार करता करता दादा म्हणाला, तोंड उघड. मी उघडलं. त्याने खिशातला छोटा टॉर्च मारून ती दाढ बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाला, “काम वाईट नाही. पण मी याहून चांगलं केलं असतं.” मी त्याच्या नाकावरचा चष्मा उतरवून घेतला, दांडी सैल होती, एका बाजूला कललेला होता तो. माझ्या खिशात लहान पेचकस असतोच. आवळून, सरळ करून परत घातला. तो डोळे मिचकावून बोळाकडे बघत म्हणाला, “अरे, ही भिंत इतकी जवळ होती?”

असो. पत्र फार लांबलं. मुद्दा एवढाच, की दाजींना साखळी घेऊन लगेच पाठव. होडी अंगणात गेली पाहिजे, नाहीतर हॉटेलवाला टपून बसलाच आहे. त्यांच्या झोपायची सोय माझ्याकडे करतो, जेवायची दादाकडे. तुझी बोटं दुखू नयेत म्हणून या वेळी उत्तर एकच लिही, आम्ही मिळून वाचू.

तुझा,
शेंडेफळ

ता. क. दाजींना म्हणावं, पहारी विसरू नका, आणि जाड लाकडी ठोकळेही आणा. इकडे चांगले मिळत नाहीत.

ता. क. वरच्या ता. क.कडे लक्ष देऊ नकोस. पत्र दोन दिवस टेबलावर पडून राहिलं होतं, त्यात एक गोष्ट झाली. ती तुला सांगतो, पण ती तुझ्याजवळच ठेव. आज दुपारी दादा पेशंटमध्ये गुंतला होता, ही आणि वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी सहज म्हणून गाडीचा जॅक आणि दादाच्या अंगणातल्या दोन फळ्या घेतल्या आणि चाकाखाली लावून बघितल्या. ताई, चाक वर आलं. अगदी निमूट आलं. होडीने खिडकीतली हनुवटीही उचलली. एक जोर लावला असता तर अर्ध्या तासात सगळं अंगणात. मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. मग मी जॅक हळूहळू खाली केला आणि चाक होतं तिथे परत ठेवलं.

कारण काय विचारशील, तर होडी अंगणात गेली की संध्याकाळी होडीत बसून काय विचार करायचा? होडी सोडून दुसऱ्या कशावर बोलायची आम्हाला सवय राहिलेली नाही. ती बाजूला झाली तर हा बोळ पुन्हा रिकामा होईल, आणि मला त्याची भीती वाटते. म्हणून दाजींना इतक्यात पाठवू नकोस. त्यांना काही काम काढ. त्यांचं पोट बिघडलं म्हणून कळव, ते खरं नसणार, पण दादाला पटेल. पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला दादाकडेच देतो आहे, त्याला पोस्टाच्या बाजूलाच जायचं आहे. तो दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

ता. क. (हे मी लिहितो आहे, दादा.) ताई, पाकीट उघडंच होतं. वाचलं. दुरुस्त्या पुढीलप्रमाणे. आधी दाढ, चष्मा नंतर. भोवरा तळ्यात त्याने स्वतः टाकला. डावं म्हणजे पेशंटचंच डावं, त्याच हिशेबाने इतक्या वर्षांत एकाही माणसाचा चुकीचा दात काढलेला नाही.

दवाखान्याच्या खिडकीतून बोळ दिसतो, हे तो विसरतो. पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून मी उभा राहून सगळं बघितलं. चाक वर आलं ते बघितलं, त्याने इकडेतिकडे बघितलं तेही, आणि मग खाली ठेवलं तेही. हलक्या हाताने ठेवलं, मला अपेक्षा नव्हती. तो घरात गेल्यावर मी चाकाला एक दगड लावून आलो, आपोआप सरकून बाहेर यायला नको.

दाजींना पाठवू नये. तू ये. सुकाणूपाशी, तुझ्या जागेवर, अजून कोणी बसत नाही.